लाडू, चेंडू आणि मधलं ‘जणू’

सहावीतल्या एका मुलाने काढलेलं चित्र मी अजून जपून ठेवलं आहे. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ या म्हणीवर चित्र काढायला सांगितलं होतं. त्याने इमारतीची गच्ची काढली, गच्चीवर पाण्याची काळी टाकी, ती कलंडलेली, आणि खाली डोक्याला पट्टी बांधलेला एक माणूस. पट्टीच्या मागे कॅलेंडरातल्या देवांना असतं तसं पिवळं तेजोवलय. म्हणीचा अर्थ विचारला तर त्याने घडाघडा सांगितला, ‘कष्ट सोसल्याशिवाय मोठेपण मिळत नाही.’ परीक्षेत याला पूर्ण गुण मिळतात. फक्त पाथरवटाची टाकी, दगड फोडणारी ती छोटी पोलादी छिन्नी, त्याच्या जगात कुठेच नव्हती. म्हणून त्याने जी टाकी पाहिली होती ती काढली.

मी वर्गात हसले. घरी जाताना बसमध्ये ते हसू ओसरलं. मुलाचं काही चुकलंच नव्हतं. मी वर्षानुवर्षं फळ्यावर दोन रकाने आखत आले आहे. डावीकडे शिंकं तुटतं नि बोक्याचं फावतं, उखळ पांढरं होतं, मुसळ केरात जातं. उजवीकडे अचानक लाभ होतो, भरभराट होते, मेहनत वाया जाते. मुलं उजवा रकाना पाठ करतात, कारण गुण तिकडे असतात. डाव्या रकान्यातल्या वस्तू एकेक करून घराबाहेर गेल्या, तरी रकाना तसाच राहिला. ‘बाई, शिंकल्यावर बोक्याचं काय तुटतं?’ असं एका मुलीने मला खरोखर विचारलेलं आहे.

माझ्या आजीकडे जातं होतं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरात, मागच्या पडवीत. मला आठवतं तेव्हा गिरणी आलेली होती, पण डाळ भरडायला आणि मेतकूट दळायला जातंच लागायचं. आजी मला समोर बसवायची आणि म्हणायची, ‘घास घाल त्याला.’ मूठभर डाळ जात्याच्या तोंडात टाकायची. घास, तोंड. रूपक हा शब्द मला त्यानंतर सात-आठ वर्षांनी भेटला, पण जातं जेवतं हे मला तेव्हाच ठाऊक होतं. जास्त घास घातला तर ते भरड ओकायचं, हेही. जात्याच्या दगडी पाळी गुळगुळीत झाल्या की त्यांना टाकी लावायला माणूस यायचा. टक टक टक, अंगणभर दगडाची पांढरी भुकटी. टाकीचे घाव मी असे कानाने ऐकले होते, म्हणून ती म्हण मला कुणी समजावून सांगावी लागली नाही.

दळताना आजी गायची. जात्याला ती ईसवर म्हणायची, मुलाला राघू, लेकीला मैना. मी एकदा विचारलं, ‘आजी, राघू कुठाय?’ तिने हनुवटीने ओसरीकडे दाखवलं. तिथे माझे थोरले काका बशीत चहा ओतून पीत बसले होते. टक्कल पडलेले, मिशी चहात बुडालेली. मला ते फार पटलं नाही. पण त्या दिवसापासून राघू हा शब्द माझ्या मनात एकटा येत नाही. चहाची बशी घेऊनच येतो.

या गाण्यांचं, म्हणजे ओव्यांचं, वय आपण समजतो त्यापेक्षा जास्त आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, म्हणजे ११२९च्या सुमारास, महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. ज्ञानेश्वरी १२९०ची. म्हणजे ओवीत एवढा मोठा ग्रंथ सांगितला गेला त्याच्या दीडशे वर्षं आधी ती उखळामुसळापाशी होती. आपल्या काळात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या काही बायकांचे आवाज इंटरनेटवर ऐकायला मिळतात. मी ते वर्गात लावले तेव्हा मुलांचा पहिला प्रश्न शब्दांबद्दल नव्हता. ‘त्या मध्येच थांबत का नाहीत?’ असा होता. हात फिरतोय तोवर गाणं फिरतंय, हे सांगून कळत नाही. मी एका मुलाला जागेवर गोल हात फिरवत कविता म्हणायला लावली. तिसऱ्या ओळीला त्याला दम लागला आणि त्याने ओळी आपोआप लहान केल्या.

असो. मला खरं सांगायचं आहे ते एका वेड्याबद्दल.

आमच्या शाळेत नवरात्रात भोंडला होतो. आजीच्या तोंडी तो हादगा. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. मुलींबरोबर मुलगेही फेरात असतात, मुख्यतः खिरापतीसाठी. त्यात एक गाणं आहे, ‘श्रीकांता कमलकांता, असं कसं झालं, असं कसं वेड माझ्या नशिबी आलं’. एका बाईचा नवरा वेडा आहे. ती एकेक पदार्थ करते आणि तो त्याचं भलतंच काही करतो. आमच्याकडे म्हणतात ते कडवं असं:

वेडियाच्या बायकोने केले होते लाडू,
तिकडून आला वेडा, त्याने निरखून पाहिले,
चेंडू चेंडू म्हणून त्याने खेळायला घेतले.

मग करंज्या होतात. त्या तो होडी होडी म्हणून पाण्यात सोडतो. आमच्या आळीतला वेडा शेवयांना अळ्या म्हणायचा. लहानपणी या गाण्यावर आम्ही पोट दुखेपर्यंत हसायचो. शिक्षिका झाल्यावर एका वर्षी फेर धरता धरताच माझ्या लक्षात आलं, की आपण दोन दिवसांपूर्वी व्याकरणाच्या तासाला जे शिकवून घाम गाळला, ते हा माणूस तीन ओळींत करतोय.

दुसऱ्या दिवशी मी एक लाडू वर्गात नेला. टेबलावर ठेवला. लाडू चेंडूसारखा आहे, असं म्हटलं की उपमा. लाडू जणू चेंडूच, की उत्प्रेक्षा. हा लाडू की चेंडू, असं घुटमळलं की ससंदेह. छे, हा लाडू नव्हेच, हा चेंडू, असं ठासून सांगितलं की अपन्हुती. दोघांत भेदच ठेवला नाही की रूपक. आणि चेंडू समजून तो खरोखर भिंतीवर फेकला, की भ्रांतिमान. भ्रम व्हायला हवा आणि भ्रमाप्रमाणे कृतीही घडायला हवी, असं व्याकरणाच्या पुस्तकात दिलेलं असतं. सहावीला एवढे अलंकार लागत नाहीत. नको तेवढं शिकवते ही माझ्याबद्दलची तक्रार जुनी आहे. पण एकाच लाडवाला सहा पायऱ्या उतरताना मुलांनी पाहिलं, आणि शेवटच्या पायरीला मागच्या बाकावरून ‘बाई, फेका ना!’ असा आवाज आला. मी फेकला नाही. बेसनाचा होता.

मग मी विचारलं, वेड्याचं नेमकं काय चुकलं? आधी सगळे म्हणाले, त्याला काही कळत नाही. पण त्याला कळतं की. तो निरखून पाहतो, गाणं प्रत्येक कडव्यात हे बजावून सांगतं. लाडू गोल आहे हे त्याला दिसतं. करंजी होडीच्या आकाराची आहे हे तर आपल्यापैकी कितीजणांनी स्वतःहून पाहिलं असेल? साम्य त्याला आपल्याआधी दिसतं. कवीला दिसतं तेच त्याला दिसतं. त्याच्याकडे फक्त ‘जणू’ नाही. काठीवर बसून घोडा घोडा खेळणारं पोर काठीला गवत दाखवतं, पण गवत तसंच राहिलं म्हणून वैद्याकडे धावत नाही. त्या पोराच्या खिशात ‘जणू’ असतं. वेड्याच्या खिशातून ते पडलं.

इथून माझी शब्द शिकवायची रीत बदलली. साम्य मुलं पटकन सांगतात. गोल, लहान, हातात मावतो. पुढचा प्रश्न अवघड असतो: मग लाडू चेंडू का नाही? आता शब्द शोधावे लागतात. ‘उसळत नाही.’ ‘फुटतो.’ फुटल्यावर काय होतं? ‘चुरा.’ ‘भुगा.’ चुरा आणि भुगा एकच का? यावर दहा मिनिटं वाद. हाताला कसा लागतो? ‘ऑयली.’ मराठीत? बराच वेळ शांतता, मग कुणीतरी ‘तुपकट’ म्हणालं आणि सगळ्यांनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. रवाळ आला, खमंग आला. ‘टाळ्याला चिकटतो’ आला, त्यावरून टाळा आणि टाळू. साम्याला दोन-तीन शब्द पुरतात. फरक सांगायला निघालं की शब्दांची पेटीच उपसावी लागते.

करंजीच्या दिवशी तर गंमत झाली. करंजी होडी का नाही, हे सांगायला दोन्हीकडचे शब्द लागणार होते. होडीचे शब्द मी फळ्यावर दिले, वल्हं, शीड, सुकाणू, नांगर. करंजीचे शब्द मात्र मी मुलांकडून येऊ द्यायचं ठरवलं होतं आणि वर्ग अडला. ‘आतलं गोड’, ‘बाहेरचं कव्हर’, ‘ती डिझाइन’. तेव्हा भिंतीकडेला बसणारा एक मुलगा, ज्याच्या मराठीच्या प्रगतिपुस्तकावर माझ्याच हातचा ‘वाचन सुधारावे’ असा शेरा आहे, हात वर न करता बोलायला लागला. आतलं ते सारण. बाहेरची पारी. पारीला थर सुटावेत म्हणून साटा लावतात. कडेला दुमडतात ती मुरड, आणि मुरड जमत नसेल तर कातण्याने कापायचं. त्याची आई दिवाळीत करंज्यांच्या ऑर्डरी घेते, तो पाऱ्या मोजून देतो. त्या पंधरा मिनिटांत वर्गातला सर्वांत जास्त शब्दसंपत्ती असलेला मुलगा तो होता, आणि हे त्यालाही पहिल्यांदाच कळत होतं असं मला वाटलं. ‘साटा लावला की होडी आणखी लवकर बुडेल,’ असंही तो म्हणाला. थर सुटतात ना.

यानंतर मुलांनी आपापल्या घरचे वेडे आणले. चार्जरची वायर, साप साप म्हणून काठीने मारली. वेदान्तातला दोरीवरच्या सापाचा प्रसिद्ध दृष्टान्त आमच्या वर्गात असा वायरीवर आला. छत्री, वटवाघूळ म्हणून खिडकीतून सोडली. लसणाच्या सोललेल्या पाकळ्या, दात दात म्हणून आजोबांना दिल्या. ही शेवटची मला फार आवडली. ‘पाकळी’ हा शब्द लसणालाही चालतो आणि फुलालाही, दाताला मात्र चालत नाही, यावर पुन्हा वेगळा तास गेला.

पुढच्या वर्षी मी शहाणपणा केला. या सगळ्याचा छापील तक्ता काढला: वस्तू, कशासारखी, साम्य, भेद. मुलांनी तो दहा मिनिटांत भरून दिला. चाळीस तक्ते, चाळीस ‘गोल’, चाळीस ‘खाता येत नाही’. गाणं कुणी म्हटलं नाही. तक्ते मी रद्दीत घातले.

दुसरं गाणं कारल्याचं. सून माहेरी जाऊ का विचारते. सासू म्हणते, कारल्याचं बी पेर, मग जा. पेरलं. वेल येऊ दे, मग जा. आला. फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी कर, अशी गाडी पुढे पुढे. शब्द शिकवायला सोपं गाणं आहे, बी ते भाजी सगळा क्रम मिळतो. पण मी विचारलं, कारलंच का? भोपळा का नाही, काकडी का नाही?

एक मुलगा म्हणाला, ‘सासूला शुगर असेल.’ हसणं ओसरल्यावर एक मुलगी म्हणाली, कारलं कडू असतं म्हणून. मी म्हटलं, गाण्यात कुठे आहे कडू? त्यांनी सगळं गाणं पुन्हा म्हणून पाहिलं. कडू हा शब्द एकदाही येत नाही. वेल चढत राहतो, माहेर लांबत राहतं, चवीबद्दल चकार शब्द नाही. उपमेय नाही, ‘जसा’ नाही, ‘परी’ नाही. नुसतं कारलं. आणि फेर धरणाऱ्या प्रत्येकीच्या जिभेला ते कळतं.

मला वाटतं, या गाण्यांत प्रतिमा शोभेसाठी आलेल्या नाहीत. त्या आडोसा म्हणून आल्या आहेत. फेराबाहेर सासू उभी आहे, खिरापत तिनेच केली आहे. तिच्यासमोर ‘मला इथे कडू झालंय’ म्हणायची सोय नाही. कारल्याचं गाणं म्हणायला कोण अडवणार? उद्या कुणी जाब विचारला तर, अगं बाई, मी कुठे काय म्हटलं, भाजीचं तर गाणं. लेकी बोले सुने लागे ही सासूची युक्ती. सुनेने ती उलटी फिरवली, वेलाला बोले सासूला लागे. अलंकार म्हणजे दागिने, असं आम्ही शिकवतो. काही अलंकार पदरासारखे असतात, तोंडावर धरायला.

मुलांनी कारल्याची त्यांची आवृत्ती लगेच केली. गृहपाठ कर गं बाळे, मग घे मोबाईल. गृहपाठ केला हो आई, आता तरी देता का? वह्या नीट ठेव, दप्तर भर, दूध पी. शेवटी रात्र होते आणि झोपायची वेळ येते. त्या गाण्यातली सून कुठे अडकली होती हे मी सांगत बसले असते तर तास पुरला नसता.

कोड्यांबद्दल लिहायला बसले तर हा लेख संपणार नाही. ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ एवढंच सांगते. चिरा म्हणजे घडीव दगड हे कळलं की दातांना आपोआप चिरेबंदी वाडा मिळतो.

पण वेड्याचं गाणं अजून संपलेलं नाही. त्याचं एक शेवटचं कडवं आहे. मी ते वर्गात घेत नाही, आणि फेरातही बऱ्याच ठिकाणी गाळतात. यंदा मात्र एका मुलीला ते येत होतं, तिच्या आजीकडून. मी थांबवायच्या आत तिने म्हटलं. वेड्याची बायको पलंगावर झोपली आहे. तिकडून वेडा येतो, निरखून पाहतो. मेली मेली म्हणून तिला जाळून टाकतो.

आधीच्या कडव्यांना हसणारी मुलं इथेही हसायला तोंड उघडून बसली होती. काही हसलीही, सवयीने. मग आवाज विरत गेला. चेंडू, होडी, साप, वटवाघूळ हे सगळं ज्या रांगेत हसत हसत पुढे सरकत होतं, त्याच रांगेत ती येऊन उभी होती. चाल तीच, निरखून पाहणंही तेच. मला वाटतं, ज्या बायकांनी हे गाणं रचलं त्यांना ही रांग कुठे जाते ते पहिल्या लाडवापासून माहीत असणार. न विचारता कुणाच्याही गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलींना हसत हसत आणखी काय सांगता आलं असतं?

‘ती उठून सांगत का नाही, मी जिवंत आहे म्हणून?’ त्या मुलीने विचारलं.

कुणीतरी म्हणालं, झोपली होती ना. कुणीतरी म्हणालं, तो ऐकणार आहे का, वेडा तो. मी काही बोलले नाही. घंटा झाली, ती बरी झाली.

दोन दिवसांनी तिने वही माझ्या टेबलावर ठेवली. पेन्सिलीने लिहिलेलं, दोनदा खोडलेलं एक कडवं:

वेडियाच्या बायकोने भरली होती पिशवी,
तिकडून आला वेडा, त्याने निरखून पाहिलं,
सावली सावली म्हणून त्याने जाऊ दिलं तिला.

मी विचारलं, ती सावलीसारखी कशी काय दिसली त्याला? तिच्याकडे उत्तर तयार होतं. ‘भिंतीला चिकटून चालत होती, बाई. मुद्दाम.’

आम्ही दोघींनी ते चालीत म्हणून पाहिलं. शेवटचा ‘तिला’ चालीबाहेर लोंबत होता. काढू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, राहू दे.